डावं-उजवं

आपल्या कानांत निळं काहीतरी असावं, असं हिला ऐन बावन्नाव्या वर्षी वाटू लागलं. नीलम नको, कारण तो शनीचा. सासूबाईंच्या मते तो मानवला तर राज्य देतो आणि नाही मानवला तर असलेला फ्लॅटही घेऊन जातो. असं करत करत गाडी लाजवर्दावर येऊन थांबली. आमचे सराफ म्हणाले, "नग तुम्ही आणा, कोंदणात मी बसवून देतो. फक्त जोडीचे आणा, म्हणजे झालं." या 'फक्त'मध्ये काय काय दडलेलं आहे, ते त्यांना ठाऊक असणार. आम्हाला नव्हतं.

जयपूरला एका लग्नाला जायचंच होतं. जोहरी बाजारातला एक अरुंद जिना चढून आम्ही एका व्यापाऱ्याच्या गादीवर जाऊन बसलो. पांढरी शुभ्र चादर, एक चिमटा, एक भिंग आणि उत्तरेकडे उघडणारी खिडकी. उत्तरेचं ऊन थेट आत येत नाही, त्यामुळे दिवसभर उजेड एकसारखा राहतो आणि रत्नांची पारख त्याच उजेडात करायची. त्यांनी कागदाची पुडी उलगडली आणि चाळीस-पन्नास लंबगोल नग चादरीवर ओतले. सगळे १४ बाय १० मिलिमीटरचे, वरून फुगीर, खालून सपाट.

पहिल्या नजरेत सगळे सारखे होते. दुसऱ्या नजरेत एकाचाही दुसऱ्याशी संबंध नव्हता.

दोष आमच्या डोळ्यांचा नव्हता, जातीचाच होता. माणिक, पाचू यांच्या घरात एकच खनिज नांदतं. लाजवर्द हे एक खनिज नव्हेच, तो सरळ सरळ खडक आहे. निळं लाझुराइट, त्यात पांढऱ्या कॅल्साइटच्या शिरा आणि वरून सोन्यासारखे चमकणारे पायराइटचे कण. थोडक्यात, भेळ. आणि आम्ही भेळेच्या दोन पुड्या अशा शोधायला निघालो होतो, की ज्यांत शेंगदाणे मोजून सारखे आणि त्याच त्याच जागी पडलेले असतील.

मी माझ्या परीने शिस्तीत निघालो. आधी रंग, मग घाट, मग ठिपके, असे तीन गट पाडले. दहा मिनिटांनी निळ्याच्या सतरा छटा दिसू लागल्या आणि विसाव्या मिनिटाला एकच. डोळे दमले की जगातल्या सगळ्या जोड्या जुळतात, हा शोध मला त्या गादीवर लागला. हिने मात्र वेगळाच मार्ग धरला. दोन नग उचलून बोटांच्या बेचक्यांत धरले आणि ती उठून सरळ बाहेरच्या सज्जात गेली. "उजेडात बघते."

हे वाक्य मी ओळखतो. लक्ष्मी रोडच्या मॅचिंग सेंटरमधून साडीचा पदर आणि ब्लाउजपीस हातात घेऊन पायरीवर आलेल्या बायकांच्या दोन पिढ्या मी पाहिल्या आहेत. ट्यूबलाइटखाली जे जुळतं ते उन्हात भांडतं, हे त्यांना कोणत्याही रत्नशास्त्राच्या अभ्यासक्रमाशिवाय कळतं. व्यापाऱ्यानेही ते ओळखलं. त्यांनी किमतीचं बोलणं थांबवून आमच्यासाठी चहा सांगितला. गिऱ्हाईक जाणतं निघाल्याची ही खूण असावी.

परत आल्यावर हिने पर्समधून नेलपॉलिशचं रिमूव्हर आणि कापसाचा बोळा काढला. मला वाटलं, आता ही इथे नखं पुसायला बसते की काय. तर नाही. फिकट दगड रंगवून गडद करण्याची चाल या धंद्यात जुनी आहे आणि रंगवलेला नग अ‍ॅसिटोनने पुसला तर बहुधा बोळा निळा होतो. हिने नगाच्या पाठीवर, कोंदणात झाकली जाणारी जागा बघून, हलकेच बोळा फिरवला. बोळा पांढराच राहिला. माझा जीव भांड्यात पडला आणि व्यापारी हसले. त्यांना नगाची काळजी नव्हतीच, माझ्या चेहऱ्याची गंमत वाटली.

ते म्हणाले, माल बदख्शानचा आहे. अफगाणिस्तानच्या ईशान्येला, कोकचा नदीच्या खोऱ्यात, सर-ए-संगच्या खाणी आहेत. हजारो वर्षं तिथून हा निळा दगड निघतो आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोने त्यांची नोंद करून ठेवली. त्याच्या कितीतरी आधी हडप्पाच्या लोकांनी त्या बाजूला शोर्तुगाई इथे वस्तीच थाटली होती. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या सोन्याच्या मुखवट्यावरच्या भुवया लाजवर्दाच्या आहेत. १९२५ साली तो मुखवटा सापडला तेव्हापासून जग त्याच्या सोन्याकडे बघतं. माझ्या डोळ्यांसमोर आता फक्त भुवया येतात. भुवया म्हणजे जोडीच की! सुमारे ३३०० वर्षांपूर्वी कुणीतरी कारागीर तुकडे हातात घेऊन उन्हात उभा राहिला असेल आणि मागून मुकादम ओरडला असेल, "अरे, झालं का? राजा खोळंबलाय!"

अजिंठ्याच्या चित्रांतली निळाईही याच दगडाच्या भुकटीची. युरोपातल्या चित्रकारांच्या काळात ती सोन्याच्या भावाशी स्पर्धा करी. मग १८२८ साली गिमे नावाच्या फ्रेंच माणसाला हाच रंग भट्टीत बनवल्याबद्दल सहा हजार फ्रँकचं बक्षीस मिळालं आणि त्या रंगाचं राजेपण गेलं. चिनीमाती, सोडा, कोळसा आणि गंधक. पिवळ्याधमक गंधकातून हा निळा यावा, ही सगळ्यांत मोठी गंमत. पुढे त्याची पुडी वाण्याकडे आली आणि तिला आपण नीळ म्हणू लागलो. शाळेत माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, नीळ नीट न विरघळल्यामुळे, निळे ढग असायचे. त्यावरून मी मार खाल्ला आहे. तो सदरा मी जोहरी बाजारात नेला असता तर "शिरा कमी, रंग उत्तम" असा शेरा मिळाला असता.

तासाभराने चार नग उरले. पहिल्या दोघांचा रंग जुळत होता, पण एकाची फुगवट जास्त. ते कानांत घातले तर हिला एका बाजूने गाल आल्यासारखं दिसलं असतं. दुसऱ्या दोघांचा रंग, घाट, जाडी सगळं जुळलं. फक्त एकाला खालच्या अंगाला सोनेरी ठिपक्यांचा झुबका होता आणि दुसऱ्याला मधोमध एक बारीक तिरपी रेघ. मी तोंड वाकडं केलं. तेव्हा व्यापारी पहिल्यांदा जरा दुखावल्यासारखे झाले. म्हणाले, "साब, ये पत्थर है, बटन नहीं."

दोन्ही एकाच लगडीतून कापलेत, असंही त्यांनी सांगितलं. सख्खी भावंडं. मी आमच्या घरातली सख्खी भावंडं डोळ्यांसमोर आणली आणि गप्प बसलो.

मग मला एक मुद्दा सुचला आणि तो मी मोठ्या उत्साहात मांडला. दोन कानांच्या मध्ये अख्खं डोकं असतं. बघणाऱ्याला एका वेळी धड एकच कान दिसतो. मग इतकं डावं-उजवं करायचं कशाला? हिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "म्हणूनच तू एक काळा आणि एक निळा मोजा घालून बँकेत गेला होतास ना? दोन पायांच्या मध्ये टेबल असतं म्हणून?"

नग घेतले.

पुण्यात सराफांनी भिंगातून पाहून "चांगली जोडी आहे" म्हटलं आणि वर दम दिला, की याला लिंबू, चिंच, व्हिनेगर काही लागू द्यायचं नाही. आम्ही पितळेच्या भांड्यांना चिंच लावणारी माणसं. दागिने उजळवण्याच्या भरात कुणी कानातल्यांनाही ती चोळली तर चकाकी जाईल. ते कुणी म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं. सासूबाईंच्या हाताला न लागेल अशा जागी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात, ती डबी ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात एका मुंजीला निघताना ही आरशासमोरून वळली आणि म्हणाली, "कसे दिसतायत?" मी पाहिलं. ठिपक्यांचा झुबका डाव्या कानात होता.

"उलटे घातलेस. झुबकेवाला उजव्या कानातला."

"कुणी ठरवलं?"

ठरवलं कुणीच नव्हतं. पण गेले चार महिने तो उजव्याच कानात असायचा आणि जेवताना मी त्याच बाजूला बसतो. ही क्षणभर थांबली, आरशात पुन्हा पाहिलं आणि दोन्ही कानातली काढून अदलाबदल करू लागली. खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.