कार्ड हजर, इसम पालखीत

आमच्या लासुर्ण्याच्या पंचक्रोशीत हजेरी या शब्दाला एके काळी वजन होते. कारखान्यात चाकरीस असलेला मनुष्य भोंगा होताच फाटकाशी पोचे, पितळी बिल्ला पुढे करी, आणि तो टाइमकीपर, ज्याला प्रत्येकाचा चेहराच नव्हे तर मागल्या अमावास्येला त्याने सांगितलेली सबबही तोंडपाठ असे, चष्म्यावरून एकवार न्याहाळून मस्टरात खूण करी. या डोळस जुलुमातून मुक्तता करण्यासाठी पुढे बोटांच्या ठशांचे यंत्र अवतरले. परंतु कष्टाने ज्यांच्या बोटांच्या रेषाच झिजल्या त्यांना ते ओळख देईना, आणि २०२० च्या मार्चात करोनाच्या भयाने त्याला स्पर्श करणेच निषिद्ध ठरले. तेव्हा कार्डाला राजयोग आला.

या कार्डाची प्रकृती मोठी अभ्यसनीय आहे. पोटात तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि तिळाएवढी चिप, इतकाच त्याचा प्रपंच, बॅटरीसुद्धा नाही. फाटकावरचे यंत्र सेकंदाला सव्वा लाख वेळा स्पंदणारे चुंबकीय क्षेत्र पसरून बसलेले असते. कार्ड चार बोटांच्या अंतरावर आले, की फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या नियमानुसार त्या वेटोळ्यात वीज उपजते, आणि तेवढ्या उसन्या बळावर ते आपला क्रमांक सांगून मोकळे होते. दुसऱ्याच्या जोरावर बोलावे, नेमून दिलेले तेवढेच बोलावे आणि दूर होताच मुके व्हावे, हे गुण पाहता त्याची नेमणूक एखाद्या महामंडळावर व्हावयास हवी होती.

आषाढवारीत तुकोबांची पालखी बेलवाडीचे रिंगण आटोपून लासुर्ण्याकडे निघाली, त्या दिवशी एका कारखान्यात (नावाशी आपल्याला कर्तव्य नाही) सकाळच्या पाळीची हजेरी अभूतपूर्व लागली. रजा नाही, लेटमार्क नाही. इसम मात्र सारे रस्त्याच्या कडेला वारकऱ्यांच्या पानात पिठले वाढीत होते, आणि हजेरी तपासण्याचे ज्यांच्याकडे होते ते साहेबही त्याच पंगतीला पाणी देत होते. त्यांचे कार्डही अर्थात कारखान्यातच होते. ही सगळी कार्डे एका परोपकारी गृहस्थाने पहाटे घरोघर हिंडून गोळा केली, सायकलच्या पिशवीतून वाहून नेली आणि पुजाऱ्याने निरांजन ओवाळावे तशा भक्तिभावाने एकेक यंत्रासमोर धरली. त्या दिवशी कारखान्यात जे काही काम झाले ते त्या एकट्याने केले.

महिनाअखेरीस खुलासा मागवण्यात आला तो त्यालाच. इतरांची कार्डे जमवण्याच्या गडबडीत स्वतःचे त्याच्या घरी खुंटीला राहिले होते.

“साहेब, मी दिवसभर इथंच होतो की!”

साहेबांनी संगणकात पाहिले. “नोंद नाही,” ते म्हणाले, आणि एक दिवसाचा पगार कापला.