देवांचा सातबारा

महसूल खात्याच्या कृपेने आपल्याकडे शेताच्या बांधापासून विहिरीतल्या हिश्श्यापर्यंत सगळ्याची नोंद सापडते; सापडत नाही ती देवाची. कोणत्या गाभाऱ्यात आधी कोण होतं, त्याच्याआधी कोण, मध्ये कुणी घुसखोरी केली, कुणी जागा पडीक टाकली आणि सध्या वहिवाट कुणाची, हे दाखवणारा उतारा कुठल्याच तलाठ्याकडे मिळत नाही. परिणामी जगात जो उठतो तो 'आमचं आम्हाला परत करा' म्हणतो आणि समोरचाही नेमकं तेच म्हणत असतो. तेव्हा सरकारने 'मूळ धर्म शोध व वापसी' असं स्वतंत्र खातंच काढावं, ही आमची नम्र सूचना. मंत्री मिळायला अडचण पडणार नाही. नाराज आमदार प्रत्येक पक्षात आहेत. अडचण येईल ती अर्जाच्या नमुन्याची. प्रामाणिक अर्जात पहिला रकाना असायला हवा तो 'अर्जदाराच्या स्वतःच्या ताब्यात असलेल्या परधर्मीय वस्तूंचा तपशील' हा, आणि तो भरून द्यायला तयार होणारे अर्जदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघतील.

नमुन्यादाखल दक्षिण स्पेनमधल्या कोर्दोबाचा उतारा काढून पाहावा. 785 साली पहिल्या अब्द अल्-रहमानने इथे मशिदीचं काम सुरू केलं. 1236 मध्ये कॅस्टिलच्या तिसऱ्या फर्नांदोने शहर जिंकलं आणि मशिदीचं कॅथीड्रल झालं. सोळाव्या शतकात तर लाल-पांढऱ्या कमानींच्या रांगा ऐन मध्यावर पाडून तिथे अख्खं चर्च बसवण्यात आलं. पुढे 2006 मध्ये तिथल्या बिशपांच्या कार्यालयाने ही सगळी वास्तू रीतसर आपल्या नावावर चढवून घेतली. नोंदणीचा खर्च आला 30 युरो. एजंटाचे पैसे धरले तर आपल्याकडे तेवढ्यात साधा भाडेकरार होत नाही. मुसलमानांनी आत नमाजाची परवानगी मागितली की उत्तर ठरलेलं: मशिदीच्या आधी इथे सेंट व्हिन्सेंटचं चर्चच होतं, म्हणजे आम्ही घेतलं नाही, परत घेतलं. त्या आधीच्या चर्चबद्दल पुरातत्त्वज्ञांत वाद आहेत. पण दावेदाराला पुरातत्त्वज्ञ लागतो तो खणून देण्यापुरता, आणि आपला थर लागला की खणणं थांबतं. त्याच्याखाली कोण आहे हे पाहायची उत्सुकता आजवर कुठल्याही भक्ताला झालेली नाही.

याच कोर्दोबाच्या घंटांची गोष्ट नव्या खात्याच्या दालनात लावून ठेवण्यासारखी आहे. 997 मध्ये कोर्दोबाच्या अल्-मन्सूरने उत्तरेतल्या सांतियागोवर स्वारी केली, तिथल्या चर्चच्या घंटा उतरवल्या आणि ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला आणवल्या. तिथे मशिदीत त्यांचे दिवे झाले. फर्नांदोने शहर घेतल्यावर त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून सांतियागोला परत रवाना केल्या, असं इतिवृत्तं सांगतात. मूळ वस्तू मूळ धर्माला मिळाली, न्याय झाला. 239 वर्षांत बदलले ते फक्त खांदे. इस्तंबूलच्या हागिया सोफियाचंही तसंच. 537 साली उभं राहिलेलं हे चर्च 1453 मध्ये मशीद झालं, 1934 च्या निर्णयाने संग्रहालय झालं आणि 2020 मध्ये पुन्हा मशीद झालं, तेव्हा युरोपात मोठी हळहळ व्यक्त झाली. हळहळ रास्तच होती. पण 1204 मध्ये हे चर्च लुटणारे चौथ्या क्रुसेडचे वीर गळ्यात क्रूस घालूनच आले होते. त्याच शहरातून नेलेले चार घोडे व्हेनिसवाल्यांनी आपल्या सेंट मार्कच्या दर्शनी भागावर चढवले. ते 1797 मध्ये नेपोलियनने पॅरिसला पळवले आणि 1815 मध्ये त्याचा पाडाव झाल्यावर सन्मानाने 'परत' पाठवण्यात आले, ते व्हेनिसला! रोमच्या पँथिऑनवर मात्र कुणीच दावा सांगत नाही. 609 साली पोपने त्याचं चर्च केलं हे जगजाहीर आहे, पण ज्युपिटरच्या भक्तांची आज कुठे मतं नाहीत.

हे सगळं परदेशी म्हणून हसून सोडून द्यायला मजा वाटते, पण तो पहिला रकाना आपल्यालाही भरायचा आहे. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पराक्रम मोठाच, आणि तो केवढी माणसं खर्ची घालून झाला हे शाळेत शिकलेलं असतं. त्या मोहिमेत पोर्तुगीज चर्चच्या घंटाही हाती लागल्या आणि मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या पंचवटीत नारोशंकराच्या देवळापुढे गोदेकडे तोंड करून जी टांगली आहे, ती त्यांपैकीच. तिच्यावर 1721 हे साल आहे आणि गोदेला पूर आला की पाणी घंटेपर्यंत चढलं का, हे नाशिककर आधी पाहतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या घाटावरच्या देवळात अशीच एक घंटा आहे. तिच्यावर मेरी आणि तिच्या कडेवर बाळ येशू स्पष्ट दिसतात. शंकराच्या दारात ती माउली पिढ्यान्‌पिढ्या मुक्कामाला आहे आणि कुणाची भावना दुखावलेली नाही. भीमाशंकरलाही अशी घंटा आहे. खात्याच्या भाषेत या सर्व मिळकती 'धार्मिक ठेवा, परधर्मीय, युद्धात प्राप्त' या सदरात जमा व्हायला हव्यात. मूळ धर्माचे वारस शोधायला लिस्बनला शिष्टमंडळ नेण्याचीही गरज नाही (शिष्टमंडळाला याचं वाईट वाटेल). ते वसईत राहतात, घरात मराठी बोलतात, आणि त्यांच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. या समाजाने घंटांसाठी कधी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

इथे लगेच आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही: पोर्तुगिजांनी देवळं पाडली, इन्क्विझिशन लादलं, अशा राजवटीकडून युद्धात मिळवलेल्या घंटेची तुलना पळवलेल्या मूर्तीशी कशी करता? मुद्दा मान्य. घंटा उतरवा, ट्रकमध्ये घाला आणि वसईला पोचवा, असं आमचं म्हणणंही नाही. म्हणणं एवढंच, की 'समोरचा जुलमी होता, म्हणून आमच्याकडे आलं ते पवित्र' हे वाक्य फर्नांदोच्याही तोंडी शोभलं असतं, अल्-मन्सूरच्याही आणि 1453 च्या सुलतानाच्याही. ते आपल्यापुरतं खरं मानायचं असेल, तर दुसऱ्याने उच्चारल्यावर धक्का बसू नये. गोव्यात हा हिशोब जरा शहाणपणाने चालला आहे, हेही नोंदवायला हवं. सोळाव्या शतकात कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. पाडलेली देवळं पुन्हा उभारण्यासाठी तिथल्या सरकारने 2022 च्या अर्थसंकल्पात 20 कोटी रुपये ठेवले. मग नेमलेल्या तज्ज्ञ समितीने सगळी देवळं बांधणं शक्य नाही, त्या सर्वांच्या स्मरणार्थ एकच उभारावं, अशा अर्थाचा सल्ला दिला. सल्ला योग्य आहे. साडेचारशे वर्षं अंत्रूज महालात रुळलेल्या देवांना पुन्हा सामानसुमान बांधायला लावायचं, तर निदान त्यांचा कौल तरी घ्यावा.

पण अर्जदाराची खरी परीक्षा बोधगयेला आहे. 2025 च्या मे महिन्यात हाँगकाँगला पिप्रहवाच्या रत्नांचा लिलाव व्हायचा होता. ही रत्नं 1898 मध्ये विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराला स्तूपात बुद्धाच्या अस्थींसोबत सापडली होती. भारत सरकारने नोटीस पाठवली, हा पवित्र ठेवा आहे, बाजारातला माल नव्हे, असं ठणकावलं आणि लिलाव थांबला. जुलैत रत्नं मायदेशी आली. ती विकत घेतली मुंबईच्या गोदरेज समूहाने. सरकारची भूमिका शंभर टक्के बरोबर होती. त्याच वर्षी, त्याच बुद्धाला जिथे बोधी प्राप्त झाली तिथे भिक्खू उपोषणाला बसले होते. मागणी एका ओळीची होती: महाबोधी विहाराचं व्यवस्थापन बौद्धांकडे द्या. 1949 च्या कायद्याप्रमाणे तिथल्या समितीवर चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात आणि अध्यक्ष गयेचा जिल्हाधिकारी असतो. 2013 पर्यंत त्या कायद्यात अशीही सोय होती, की जिल्हाधिकारी हिंदू नसला तर सरकारने दुसरा हिंदू अध्यक्ष शोधावा. म्हणजे विहार बुद्धाचं, झाड बुद्धाचं, यात्रेकरू जगभरचे बौद्ध, आणि चावी कुणाकडे ते लोकसेवा आयोगाच्या निकालावर अवलंबून! ही मागणीही कालची नव्हे. 1891 मध्ये श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल तिथली अवस्था पाहून कामाला लागले. 1992 मध्ये आंदोलनाची धुरा नागपूरच्या भदंत सुरई ससाईंनी घेतली, आणि विदर्भ-मराठवाड्यातले बौद्ध तेव्हापासून तिथे गाड्या भरून जात आहेत. प्रत्येक जुन्या भिंतीखाली मूळ धर्म शोधणाऱ्या आपल्या उत्साही मंडळींनी इथे मात्र फावडं खाली ठेवलेलं दिसतं.

फावडं का ठेवलं, याची कारणं विचारली तर दोन मिळतात. पहिलं असं, की बुद्ध हा विष्णूचा अवतार. तेव्हा विहार हिंदूंचंही आहे, परत करण्याचा प्रश्नच येत नाही. युक्तिवाद इतका सोयीचा आहे, की तो तुर्कस्तानच्या अध्यक्षांना अजून कुणी कळवला नाही हे नवल. इस्लाममध्ये ईसा पैगंबर आहे, मरियमच्या नावाची सूरा कुराणात आहे. मग हागिया सोफिया मुसलमानांचंही होतंच, भांडण कसलं? शेजाऱ्याच्या देवाला आपल्या कुळात दत्तक घेतलं म्हणून शेजाऱ्याचं घर आपल्या नावावर चढत नाही. त्यात ज्यांच्या देवाबद्दल हे बोलणं चाललं आहे, त्यांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला बावीस प्रतिज्ञा घेतल्या. बुद्धाला विष्णूचा अवतार मानणार नाही, ही त्यांतलीच एक. दुसरं कारण जरा वजनदार आहे: जागा ओस पडली होती, बौद्ध उरले नव्हते, शैव महंतांनी ती शतकानुशतकं सांभाळली. सांभाळली हे खरं, आणि त्याबद्दल ऋण मानायलाच हवं. मात्र 'तुम्ही टाकून दिलेलं आम्ही जपलं' हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचं जुनं पालुपद आहे, आणि त्यावर आपण आजवर सोडलेले खवचट उद्गार एकत्र केले तर एक ग्रंथ होईल. वहिवाटदाराचा हक्क मोठा मानायचा असेल तर तो लंडनलाही द्यावा आणि कोर्दोबाच्या बिशपांनाही. मूळ मालकाचा मानायचा असेल तर गयेलाही मानावा. एकाच उताऱ्याची एक बाजू घरी वाचायची आणि दुसरी बाजारात, हे चालायचं नाही.

कुणी म्हणेल, मग सगळं आहे तिथे राहू द्या. आपल्याकडे प्रार्थनास्थळांबाबतचा 1991 चा कायदा आहेच, 15 ऑगस्ट 1947 ला जे जसं होतं ते तसं. शांततेसाठी अशी रेघ लागते, आणि ती पुसायला निघालेल्यांच्या हातात पर्यायी रेघ कुठली आहे हे अजून समजलेलं नाही. पण आहे ते राखण्याच्या नावाखाली काही द्यायचंच नाही, असा त्याचा अर्थ काढायचं कारण नाही. देणं घडतं. 1462 मध्ये रोमला गेलेलं संत अँड्र्यूचं शिर पोप सहाव्या पॉलनी 1964 मध्ये ग्रीसमधल्या पात्रासच्या ऑर्थोडॉक्स चर्चला दिलं. 2004 मध्ये दुसऱ्या जॉन पॉलनी दोन संतांच्या अस्थी इस्तंबूलच्या ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंच्या हाती सोपवल्या. दोन्ही वेळा वस्तू स्वतःच्या कपाटातली होती आणि मागणारा समोर जिवंत उभा होता. बोधगयेतही तसंच आहे. तिथे एकही वीट हलवायची नाही, कुणाची पूजा बंद करायची नाही. 1949 च्या कायद्यातले सदस्यसंख्येचे आकडे बदलायचे आहेत. बिहार विधानसभेने 2013 मध्ये अध्यक्षाच्या धर्माचं कलम काढलं, तेव्हा आभाळ कोसळलं नव्हतं. उरलेल्या दुरुस्तीला एक दुपार पुरेल, पण कामकाज पत्रिकेत ती दुपार सापडत नाही. पिप्रहवाची रत्नं मायदेशी आल्याबद्दलचा अभिनंदनाचा ठराव मात्र कुठल्याही सभागृहात पाच मिनिटांत, एकमताने आणि बाकं वाजवून मंजूर होईल.