निखाऱ्यावरचा शाकाहारी

मुंबई-ठाण्याकडच्या बार्बेक्यूच्या हॉटेलांत टेबलाच्या पोटातच शेगडी असते आणि टेबलावर एक छोटासा झेंडा. झेंडा उभा आहे तोवर वेटर सळया आणत राहतो. आडवा केला की आपण शरण आलो. माणसं तिथे ऑफिसच्या पार्टीला जातात, पहिल्या अर्ध्या तासात कोळंबी आणि भाजलेल्या अननसावर तुटून पडतात आणि मग मुख्य जेवणाकडे लांबूनच बघून घरी येतात. माझं या हॉटेलांशी काही वाकडं नाही. पण तिथे निखारा वेटर आणतो, वेटरच नेतो आणि धूर छताकडची चिमणी ओढून घेते. दुसऱ्या दिवशी शर्ट हुंगला तर त्याला फक्त डिओचा वास येतो. याला काय भाजणं म्हणायचं, असा सवाल आमच्या डॉक्टरने एका रात्री टाकला आणि खरं बार्बेक्यू शोधायला जानेवारीतल्या एका रविवारी गाडी काढायचं ठरलं.

डॉक्टर म्हणजे दातांचा. समोरचा माणूस चावताना दिसला की त्याची दाढ कुठली दुखते हे त्याला कळतं आणि तो ते बोलून दाखवतो. गाडी त्याची असल्याने हे ऐकून घ्यावं लागतं. दुसरा अलिबागकर. हा गेली कित्येक वर्षं ठाण्यात राहतो, पण थंडी पडली की त्याच्या अंगात पोपटी येते. वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, भांबुर्ड्याचा पाला, उलटं मडकं आणि शेतातली आग, हा क्रम तो कुणी विचारलं नाही तरी सांगतो. तिसरा आमचा सीए. पिढीजात शाकाहारी. बार्बेक्यूच्या सफरीला शाकाहारी माणूस कशाला, असं अलिबागकर म्हणालासुद्धा; पण चौघांत पेट्रोल, टोल आणि कोंबडी यांची वाटणी रडारड न होता करणारा दुसरा कोणी नव्हता. शिवाय त्याने मोबाइलवर तक्ताही तयार केला होता. त्यात धूर, मऊपणा, मसाला, स्वच्छता आणि पार्किंग यांना वेगवेगळे गुण होते. जो माणूस कोंबडीला हात लावणार नाही, तो तिच्या मऊपणाला गुण कसे देणार, यावर तो म्हणाला, "ऑडिट करणारा कारखाना चालवत नसतो."

पहिला मुक्काम विरारजवळचं आगाशी. भुजिंग खायचं तर आगाशीचंच, हे वसई-विरार पट्ट्यात लहान मूलही सांगेल. कोंबडीचे तुकडे कोळशावर भाजायचे आणि मग मसाला, कांदा, बटाटा, मिरची, कढीपत्ता यांच्यासकट पोह्यांत कालवायचे. पोहे इथे नावापुरते नसतात. कोंबडीचा सगळा रस, सगळी धग, कोळशाची ती किंचित कडवट चव पोह्याच्या पापुद्र्यात जाऊन बसते आणि शेवटी शेवटी माणूस कोंबडी बाजूला सारून पोहेच वेचायला लागतो. जगात कुठे मांस भाजायचं आणि त्याच्या जोडीला पोहे द्यायचे हे सुचलं असेल, असं मला वाटत नाही. हे सुचायला मुलगी बघायला येणाऱ्यांना पोहे देणारीच संस्कृती लागते.

सीएची इथे पंचाईत झाली. पोहे आहेत, पण कोंबडीत लोळलेले. त्याने समोरच्या दुकानातून सुकेळी आणली. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात ती ही वसईची सुकेळी. मधासारखा रंग आणि चिकट गोडी. तो ती एकेक करून चघळत बसला आणि डॉक्टर त्याला, ती कोणत्या दातांत अडकणार ते सांगत बसला. "उन्हात भाजलंय म्हणजे हेही बार्बेक्यूच," असं म्हणून सीएने सुकेळीलाही तक्त्यात जागा दिली आणि धुराच्या रकान्यात शून्य टाकलं. आम्हाला त्याची दया आली. ती फार वेळ टिकली नाही, पण आली.

पुढे महामार्ग. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ट्रक आहेत. मनोरला चहा, चारोटीला डावीकडे वळण आणि मग डहाणू. डहाणूत कोळशावरचं सर्वांत मोठं काम चालतं ते ५०० मेगावॅटचं. तिथे वीज होते, भुजिंग होत नाही. गंमत अशी की हाच तालुका १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक म्हणून जाहीर केला आणि घाण करणाऱ्या कारखान्यांना वेशीवरच थांबवलं. त्यामुळे नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी असा किनाऱ्याचा रस्ता धरला की एका अंगाला सुरूची झाडं आणि दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या अजून तरी दिसतात. मुंबईपासून इतक्या जवळ इतकी सावली म्हणजे काहीतरी बेकायदेशीर असावं असं सीएला वाटलं. त्याने काच खाली करून घेतली.

घोलवडला चिकूबद्दल न बोलता पुढे जाणं म्हणजे नाशिकला जाऊन द्राक्षांबद्दल गप्प राहणं. 'डहाणू घोलवड चिकू' या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एका वाडीच्या दारात बाया फळं निवडत बसल्या होत्या. झाडावरून उतरवलेल्या चिकूच्या अंगावर तपकिरी भुकटी असते; ती धुऊन, चोळून काढली की आपल्या ओळखीचा चिकू खालून निघतो. मग आकाराप्रमाणे वेगळे करून ते पेट्यांत भरायचे. अलिबागकराने एक कच्चा चिकू नखाने टोकरला आणि बोटाला चीक लागल्यावर ओरडला. या चिकावरच एके काळी अमेरिकेचा च्युइंगगमचा धंदा उभा होता, हे मी सांगितलं. डॉक्टर च्युइंगगमवर अर्धा तास बोलला. मी हे सांगायला नको होतं, असं बाकीच्यांचं मत पडलं.

हॉटेल मात्र दिसेना. तक्त्यात 'घोलवड-बोर्डी : बार्बेक्यू' अशी ओळ तयार होती, पण पुढे नाव काय लिहायचं? बोर्डी सोडून झाईच्या दिशेने निघालो. झाई हे महाराष्ट्राचं किनाऱ्यावरचं शेवटचं गाव. त्यापुढे गुजरात, म्हणजे उंबरगाव. रस्त्याच्या कडेला झावळ्यांचा आडोसा दिसला, दोन बाकडी, एक वजनकाटा आणि पत्र्यावर खडूने लिहिलेलं 'उबाडियो'. आडोशामागे धूर.

उबाडियो ही दक्षिण गुजरातची थंडीतली मिजास. वलसाडकडे डुंगरीच्या आसपास हमरस्त्यावर त्याच्या टपऱ्यांची रांगच लागते. पण खाद्यपदार्थाला चेकपोस्ट नसतो. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातही तो रस्त्याकडेला मिळतो. आमच्यासमोर मावशींनी मडकं भरायला घेतलं ते असं. आधी तळाला रानपाला. त्याला त्या कलार म्हणाल्या. मग पापडीच्या अख्ख्या शेंगा, चिरा दिलेले बटाटे, रताळी, जांभळ्या कंदाचे तुकडे. सगळ्याला हिरव्या लसणीचा, आल्याचा, मिरची-कोथिंबिरीचा वाटलेला मसाला चोळलेला, चिरांच्या आतपर्यंत. तेल जवळजवळ नाही, पाणी थेंबभर नाही. वरून पुन्हा पाला, इतका घट्ट दाबून कोंबलेला की मडकं उलटं केलं तरी आतलं काही हलणार नाही. आणि मडकं उलटंच ठेवायचं, तोंड जमिनीकडे. भोवती काटक्या, सुका पाला, गोवऱ्या रचल्या आणि आग लावली. आता मडक्याच्या आत काय चाललंय हे बघायची काही सोय नाही. झाकण नाही, सळई नाही, वेटर नाही.

"किती वेळ?" डॉक्टरने विचारलं.

"बसा ना शेठ. थोडी वार लागशे."

थोडी वार म्हणजे पाऊण तास, हे आम्हाला पाऊण तासाने कळलं.

दहा मिनिटांतच अलिबागकराला राहवेना. "मावशी, हा पाला म्हणजे आमचा भांबुर्डाच ना?"

"कलार आहे."

"नाही, पण वास तर..."

"कलार आहे," मावशी म्हणाल्या आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला. अलिबागकरापुरता तो अजून संपलेला नाही. थोड्या वेळाने तो ओंजळीत पाणी घेऊन उठला. पोपटी झाली की नाही ते मडक्यावर पाणी शिंपडून बघतात. चर्र आवाज आला की झाली. मावशींनी त्याचा हात हवेतच धरला. "मडकुं तडकलं तर कोण देणार? तुम्ही?" सीएने ताबडतोब मडक्याची किंमत विचारून घेतली.

वाट बघण्याची आमची ही लायकी उघडी पडत होती तीही नेमक्या जागी. मागे पूर्वेला बहारोटचा डोंगर दिसत होता. संजाणवर स्वारी झाली तेव्हा पारशी लोक आपला पवित्र अग्नी घेऊन या डोंगरावरच्या लेण्यांत येऊन राहिले. परंपरा सांगते, बारा वर्षं. पुढे वांसदा, नवसारी असं करत तो अग्नी, म्हणजे इराणशाह, १७४२ साली उदवाड्याला स्थिरावला आणि आजही तेवत आहे. एका पिढीने डोंगरात, पावसात, जंगली श्वापदांत बारा वर्षं अग्नी विझू दिला नाही आणि त्याच डोंगराच्या नजरेखाली चार पदवीधर पुरुष एका मडक्यापुढे दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. हे मी बोलून दाखवलं. डॉक्टर म्हणाला, "त्यांना भूक लागलेली नसेल."

मडकं उतरलं ते काळं ठिक्कर होऊन. मावशींनी फडक्याने ते आडवं केलं, पाला उपसला आणि जो वास सुटला त्याने रस्त्यावरून चाललेली एक रिक्षा थांबली. हिरवी लसूण, ओला धूर आणि त्या पाल्याचा तुरट, औषधी दरवळ. पापडीची शेंग मेणासारखी मऊ झाली होती. दोन्ही टोकं धरून दातांतून ओढली की दाणे आणि मसाला आत राहतो, साल बाहेर. कंद फोडला की आतून जांभळी वाफ निघते, निदान तशी वाटते. रताळ्याची कड जळून कॅरमल झालेली. सोबत हिरवी चटणी आणि ताक. किलोवर मिळतं, आम्ही एक किलो घेतलं, मग अर्धा, मग पुन्हा एक.

आणि या सगळ्यात मांसाचा कणही नव्हता.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते सीएच्या. त्याने खाता खाता मान वर केली आणि आमच्याकडे असं बघितलं, जसं एखादा तालुक्याचा कार्यकर्ता निकालाच्या दिवशी बघतो. मग बोलायला लागला. अमेरिकेत टेक्सासवाले गाईचं ब्रिस्केट बारा-बारा तास धुरावत बसतात, अर्जेंटिनावाले अख्खा बोकड वधस्तंभाला बांधतात, न्यूझीलंडचे माओरी जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर मांस पुरतात, आणि आपल्याकडे? पोपटी मुळात वालाच्या शेंगांची, कोंबडी-अंडी त्यात पाहुणी. हुरडा ज्वारीचा. उबाडियो कंदांचा. आपल्या मुलखातला निखारा हा आधी शेताचा, मग खाटकाचा. भाजण्याच्या बाबतीत मूळचा वहिवाटदार शाकाहारी आहे, तुम्ही सगळे कुळं.

तो बरोबर होता, म्हणून फार राग आला. खोडून काढायचं म्हणून मी म्हटलं, की मडक्यातलं रताळं आणि बटाटा अमेरिका खंडातून आलेत, मिरचीही तिथलीच, आणि बाहेर जो चिकू आहे तोही मेक्सिकोकडचाच. मग आपलं म्हणून राहिलं काय? "पापडी," अलिबागकर म्हणाला. त्या दिवसातलं त्याचं हे सर्वांत समजूतदार वाक्य. लगेच त्याने पुढे जोडलं, की वालाची शेंग पापडीपेक्षा केव्हाही सरस, आणि ओवा नाही ती कसली शेंग. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकासाठी दुसरं मडकं भरायला घेतलं होतं.

तक्त्यात धुराला पैकीच्या पैकी. पार्किंगलाही, दोन्ही बाजूंना महाराष्ट्र आणि थोडा गुजरात मोकळा होता. स्वच्छतेच्या रकान्यात सीएने 'आग' असं लिहिलं. आगाशीचं भुजिंग दोन गुणांनी मागे पडलं आणि ते कोणत्या निकषावर, हे विचारल्यावर त्याने ऑडिट गोपनीय असल्याचं सांगितलं.

परतीला पार्सल मांडीवर घेऊन बसलो. गाडीत, कपड्यांत, केसांत धूर. खानिवडे टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जाईना, म्हणून हातातलं यंत्र घेऊन एक पोरगा खिडकीशी आला. यंत्र काचेला लावण्याऐवजी त्याने नाकच आत घातलं.

"उबाडियो? झाईकडचं काय?"

"कसं ओळखलंस?" डॉक्टर म्हणाला.

"मी तलासरीचा आहे ना साहेब. पण आमच्याकडचं खाऊन बघा एकदा. कंद जास्त असतो." मग आपुलकीने, "ते अलिबागला पोपटी का काय करतात, त्याला काय याची सर नाय. नुसत्या उकडलेल्या शेंगा."

मागे ट्रकांचे हॉर्न सुरू झाले होते. फाटक वर गेलं. पण तोवर अलिबागकर दार उघडून खाली उतरला होता.