बॉनेटासमोरील कचेरी

ज्या गृहस्थास एकांताची विशेष आवड आहे, ग्रंथवाचन, मनन, किंवा निदान दुपारची झोप या गोष्टींवर ज्याची श्रद्धा आहे, त्याने दुसरे काहीही पाळावे, परंतु उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये राहून जुनी डिझेलची पिकअप पाळू नये. गाडीचे बॉनेट मिटलेले असते तोवर ती मालकाची खाजगी मिळकत असते. ते उचलून त्याखाली लोखंडी दांडीचा टेकू दिला, की तत्क्षणी तिची गणना सार्वजनिक जागेत होते, आणि तेथे उभे राहून अभिप्राय देण्याचा हक्क गल्लीतील प्रत्येक सज्ञान, व त्याहून अधिक उत्साहाने प्रत्येक अज्ञान, इसमास आपोआप प्राप्त होतो.

ही गाडी मी विकत घेतलेली नाही. माझे थोरले बंधू मंडपाचा व्यवसाय करीत. तो त्यांनी आवरता घेतला तेव्हा कनाती, खुर्च्या आणि पातेली यांना गिऱ्हाईक मिळाले, एकटी टाटा २०७ तेवढी शिल्लक राहिली, आणि वाटण्या होत असताना मी समोरच बसलेलो असल्यामुळे, शाळामास्तरकीच्या साऱ्या आयुष्यात खडू व डस्टर यांपलीकडील कोणत्याही यंत्राशी ज्याचा संबंध आला नव्हता, अशा माझ्या पदरी ती पडली. टाटांनी १९८८ साली 'टाटामोबाइल' बाजारात आणली, तिच्याच वंशातील ही गाडी. मात्र हिच्या पोटातील जवळजवळ तीन लिटरचे एंजिन ४०७ ट्रकाच्या कुळातले असल्याने, ती सुरू झाल्याची वर्दी शेजाऱ्यांना निराळी द्यावी लागत नाही.

वास्तविक या एंजिनाच्या गरजा एखाद्या विरक्त पुरुषाला शोभतील इतक्या थोड्या आहेत: स्वच्छ हवा, स्वच्छ डिझेल आणि सिलिंडरात पुरेसा दाब. ठिणगी पाडण्यासाठी पेट्रोलच्या गाडीत विजेचा जो संसार मांडावा लागतो त्याचे येथे नाव नाही. पिस्टन आत आलेल्या हवेला तिच्या मूळ आकारमानाच्या सतराव्या-अठराव्या हिश्शात कोंबतो, त्या कोंडमाऱ्याने ती पाचशे अंशांच्या पलीकडे तापते, आणि नेमक्या त्या क्षणी नोझलने फवारलेले डिझेल आपण होऊन पेट घेते. हा सगळा कारभार यांत्रिक पंपाकडे सोपविलेला असल्यामुळे एकदा चालू झालेले एंजिन बॅटरीची फारशी पर्वा करीत नाही, आणि आमचे तर किल्लीचीही करीत नाही. ते थांबवावयाचे असल्यास स्टॉपरची तार ओढून त्याचे डिझेल तोडावे लागते. एकदा ती तारच तुटली. मी किल्ली काढून खिशात घातली, हातपाय धुऊन पाटावर बसलो, आणि गाडी दाराशी खुशाल धडधडत राहिली. अखेर समोरच्या बराकीतून एसटीचे निवृत्त चालक नाना आले, त्यांनी बॉनेट उघडून पंपावरील दांडी बोटाने मागे सारली, आणि 'जेवा आता' असा हुकूम करून ते निघून गेले.

आमचे गावही असेच, मुळात दुसऱ्याच कामासाठी निर्माण झालेले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने कल्याणजवळ फौजेच्या मुक्कामासाठी तळ बांधला, फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची त्याच बराकींत सोय लागली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी त्या छावणीचे नाव उल्हासनगर ठेवले. शिपायांनी थोडे दिवस टेकावे म्हणून उभारलेल्या त्या बराकींना पोटमाळे, गॅलऱ्या, दुकाने आणि पुन्हा त्या दुकानांना पोटदुकाने फुटत गेली, ती इतकी की मूळची बराक कोणती हे आता पंचनामा करूनही ठरणार नाही. आणि आमच्या पिकअपच्या सुट्या भागांविषयीही हेच म्हणता येईल. फाळणीची झळ मोटारीच्या धंद्यालाही लागली होती: १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' या कंपनीतले मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री होऊन गेले, १९४८ साली पाटीवरचे नाव बदलले, आणि ज्या जीपच्या जुळणीवर तिचे पुढे नाव झाले ती जीपही लढाईसाठीच जन्माला आलेली. इतकेच कशाला, खुद्द रुडॉल्फ डिझेल पॅरिसमध्ये वाढत असता १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध जुंपले आणि त्या बारा वर्षांच्या जर्मन मुलाला आईबापांबरोबर घर सोडून लंडन गाठावे लागले. शेजारच्या साईंना मी हा इतिहास सांगितला तेव्हा शिकारपूरहून आईच्या कडेवर आलेला तो वृद्ध कापडव्यापारी काही वेळ बॉनेटावर हात ठेवून उभा राहिला, आणि म्हणाला, "मग तो आपलाच माणूस. पण मास्तरसाहेब, तुमची नोझल गेली आहे."

साईंच्या मते नोझल नेहमीच गेलेली असते. आमच्या कचेरीतील प्रत्येक पंचाचे मत असे आधीच ठरलेले आहे, आणि गाडीचा दोष बदलला तरी त्यात काडीचा फरक पडत नाही. कोपऱ्यावरच्या बँकवाल्या रावसाहेबांचे उत्तर 'बॅटरी' हे आहे. मेस्त्री 'पंप उतरवावा लागेल' असे म्हणतात, कारण पंप उतरविणे, तो दुकानात नेऊन कॅलिब्रेशन करून आणणे व पुन्हा टायमिंग जुळवून चढविणे यांत मेस्त्रींचा एक आठवडा व माझे एक निवृत्तिवेतन यांची उत्तम सांगड बसते. आणि नाना बहुधा काहीच न बोलता मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाकडे पाहत राहतात.

गेल्या पौषात, बदलापूरकडची थंडी वालधुनीच्या काठाकाठाने आमच्यापर्यंत आली होती अशा एका पहाटे, सेल्फ फिरे पण एंजिन पकडेना. प्रथेप्रमाणे कचेरी भरली, जबान्या झाल्या. बॅटरीचा आरोप सेल्फच्या जोमदार फिरण्यानेच फेटाळला गेला होता, तरी रावसाहेबांनी आपली फिर्याद मागे घेतली नाही. साईंनी नोझलची कैफियत मांडली. मेस्त्रींनी बाही सरसावून पंपाच्या बोल्टाला सतरा नंबरचा पाना लावलाही. इतक्यात मागून नानांचा आवाज आला, "धूर येत नाही." सेल्फ मारताना पांढरा धूर निघत असेल तर डिझेल निदान सिलिंडरापर्यंत पोहोचते आहे, मुळीच धूर नसेल तर ते वाटेतच कोठे तरी अडले आहे, आणि मग नोझल काय नि पंप काय, निरपराध समजावे, हा नानांचा सिद्धान्त. त्यांनी फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल केला व फीड पंपावरील हातपंप दाबू लागले, तो घुसळलेल्या ताकावर यावा तसा पांढरट फेस भसाभसा बाहेर आला. डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती.

आता हवेचा हा गुन्हा मोठा धूर्त असतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत दाब नसतो, ओढ असते. त्यामुळे तेथे बारीकशी फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकून मुद्देमाल मागे राहत नाही, उलट हवा गुपचूप आत ओढली जाते, आणि रात्रभर गाडी उभी राहिली की नळीतले डिझेल निमूटपणे टाकीत परत जाते. नळीच्या जोडाशी पोकळ बोल्ट असतो, त्याच्याखालचा तांब्याचा वायसर दबून कठीण झाला होता. मेस्त्री नवा आणावयास निघाले. आमच्या बाजारात सुट्या भागांना प्रती आहेत, आणि तेथील दुकानदार इतका सत्यवचनी आहे की "हा ओरिजिनल नाही, ओरिजिनलपेक्षा चांगला आहे" असे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोळे घालून सांगतो. पण नानांनी त्यांना थांबविले, तो जुनाच वायसर आमच्या कुटुंबाच्या गॅसवर लालबुंद होईपर्यंत तापविला व पाण्यात टाकला; तांबे अशाने मऊ पडते व पुन्हा नव्यासारखे बसते. वायसर बसविला, फेस संपून निखळ डिझेल येईपर्यंत हातपंप मारला, स्क्रू आवळला, आणि सेल्फ लावताच एंजिन साऱ्या बराकींना जागे करीत सुरू झाले. दुरुस्तीचा खर्च शून्य आला. पंचांच्या चहाचा मात्र हिशेब ठेवावा लागला, कारण साईंना दोन वेळा लागतो.

या कचेरीची मी थट्टा करतो खरी, परंतु २६ जुलै २००५ रोजी तिने आमची लाज राखली, हेही दप्तरी नमूद असावे. गाडी तेव्हा बंधूंकडे होती आणि वालधुनीच्या काठाशी उभी होती. पुराचे पाणी बॉनेटावरून गेले. पाणी ओसरल्यावर सारी गल्ली "सेल्फ मारून बघा, सेल्फ मारून बघा" असा घोष करीत असता नानांनी बंधूंच्या हातातून किल्ली अक्षरशः हिसकावून घेतली. हवा कितीही कोंबता येते, पाणी कोंबता येत नाही. सिलिंडरात पाणी असताना पिस्टन वर रेटला तर कनेक्टिंग रॉडच वाकावयाचा. चारही नोझल काढून मगच एंजिन फिरविले, तेव्हा त्या भोकांतून गढूळ पाण्याची कारंजी साईंच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यापर्यंत उडाली. ऑइल पाहावे तर चहासारखे दुधट. ते पुन्हा पुन्हा बदलले, टाकी धुतली, फिल्टर फेकून दिले, आणि गाडी जगली. तेव्हापासून अनंत चतुर्दशीला आमचा गणपती आणि चेटीचंडला साईंचा बहराणा एवढ्या दोन्ही मिरवणुका तिच्याच पाठीवरून निघतात. डिझेलचे एंजिन नुसते घरघरत ठेवले तर फारसे तापत नाही, त्यामुळे देवांना कितीही सावकाश जाण्याची मुभा असते.

पासिंगचा दिवस जवळ आला की मात्र तिला माणसांत आणावे लागते. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, तेव्हा आधी एअर फिल्टर झटकावा. निळा म्हणजे ऑइल जळते आहे, तेव्हा आधी पैशाची तजवीज करावी. टॅपेट मी स्वतः लावतो. फिलर गेजची पट्टी फटीत किंचित अडखळत सरकली पाहिजे, हे मला शुद्धलेखन तपासण्याच्या सवयीमुळे चटकन जमले, असे माझे मत आहे. मेस्त्रींचे तसे नाही.

अलीकडे साईंच्या नातवाने कोरी करकरीत बीएस-सिक्स पिकअप घेतली. परवा तिच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आणि गाडी वेग घेईना. कचेरी तातडीने भरली, बॉनेट उघडले, तो आत काळ्या प्लास्टिकचे एक झाकण आणि त्यावर कंपनीचे नाव, बाकी दर्शन नाही. साईंनी नोझल शोधली, ती दिसेना. मेस्त्रींचा पाना कशालाच बसेना. नाना मागे गेले. तेथे धूर नव्हता, आणि तो नसणे हेच म्हणे या गाडीत आरोग्याचे लक्षण. थोड्या वेळाने एक मिसरूड फुटलेला मुलगा मोटारसायकलवरून आला, त्याने स्टिअरिंगखाली एक वायर खुपसली, हातातल्या पडद्यावर काही आकडे वाचले, "सेन्सर आहे, उद्या आणा" असे सांगितले, आणि साईंनी पुढे केलेला चहा नाकारून तो निघूनही गेला. त्याने कोणालाही काही विचारले नव्हते.

पंचमंडळी काही वेळ तशीच उभी राहिली. मग रावसाहेब 'तरी मला वाटते, बॅटरी' असे पुटपुटले, पण त्यात जोर नव्हता. एवढ्यात नानांनी आमच्या दाराकडे मान वळवली, डोळे बारीक केले, आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या गाडीचा तीन नंबरचा टॅपेट वाजतो आहे का हो?"

गाडी त्या वेळी बंद होती. मी बॉनेट उघडले, आणि घरात चहाला सांगितले.