अर्ध्या कोयत्याला नामांकन

आमच्या अंकुशनगरात 'सह' या दोन अक्षरांवाचून पान हलत नाही. अंबड तालुक्यातली ही वस्तीच मुळी समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवतीची. तरीही परवा टीव्हीवर कुठल्याशा सोहळ्यात 'सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री' अशी घोषणा झाली, तेव्हा भाकरी थापता थापता सौभाग्यवतींनी विचारलं, "ही कुणाला सहाय्य करते हो?"

"हिरोला."

"मग हिरो काय करतो?"

मी रिमोट शोधायला लागलो.

आता पुरस्काराचा इतिहासच सांगतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत अभिनेत्रीचा मान १९६७च्या चित्रपटांपासून सुरू झाला. सहाय्यक अभिनेत्री नावाचंही एक माणूस पडद्यावर असतं, हे दिल्लीच्या ध्यानात यायला आणखी १७ वर्षं गेली. १९८४च्या चित्रपटांत तो पहिला मान 'पार्टी'साठी आपल्या रोहिणी हट्टंगडींना मिळाला. त्याआधी 'गांधी'तल्या कस्तुरबांसाठी त्यांना विलायतेचा बाफ्टा मिळाला होता. तोही सहाय्यक म्हणूनच, आणि तोही दोघींत विभागून! नवरा राष्ट्रपिता म्हटल्यावर बाईला दुसरी कुठली भूमिका उरणार? 'अग्निपथ'मध्ये १९५१ साली जन्मलेल्या या बाई १९४२ सालच्या अमिताभच्या आई झाल्या. लेकाहून नऊ वर्षांनी धाकटी आई. एवढं सहाय्य तर आमची जिल्हा बँकही करत नाही. पुढे 'चार दिवस सासूचे'. नावात चार दिवस आणि भाग तीन हजारांवर.

मालिकांना मात्र राष्ट्रीय पुरस्कारांत पाटच मांडलेला नाही. म्हणून वाहिन्या आपल्याच मालिकांना, आपल्याच मंचावर, आपल्याच हातानं ओवाळतात. सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट कुटुंब. घरचंच लग्न, घरचाच आहेर, पंगतीला तेवढे आपण.

एवढं सोपं असेल तर आम्ही का मागे राहावं? चहाच्या टपरीवर निवड समिती बसली. सगळे पुरुष, विषय बायकांचा असल्यामुळे.

पहिलं नाव आलं तोडणीच्या टोळीतल्या बाईचं. पहाटे तीनला उठून भाकरी टाकायच्या, लेकरू पाचटावर निजवायचं, ऊस तोडायचा, सोलायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढायचं. भूमिका दमदार, रीटेक नाही. पण नियमात अडचण निघाली. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याशी, अंगठाही बहुतेक त्याचाच. समितीतला एक जाणकार म्हणाला, "अर्ध्या कोयत्याला अख्खं नामांकन द्यायचं कसं?" प्रश्न तांत्रिक होता, त्यामुळे सगळ्यांना पटला.

दुसरं नाव महिला सरपंचांचं. राज्यात निम्म्या जागा बायकांना राखीव, त्यामुळे कागदावर नायिका तीच. सही तिची, शिक्का तिचा. संवाद मात्र सगळे सरपंचपतींचे. मग सहाय्यक कोण? पतीराजांना 'सहाय्यक अभिनेता' म्हणावं, तर ते नायिकेच्याच खुर्चीत बसलेले. शेवटी त्यांना समितीचं अध्यक्षपद दिलं. ते लगेच बसलेही.

मग कुणीतरी मोबाईलवर वाचून दाखवलं की, राष्ट्रीय पुरस्कारांत मुख्य आणि सहाय्यक अभिनेत्रीला रक्कम सारखीच असते, सध्या दोन-दोन लाख. टपरीत एकदम शांतता पसरली. सारखं काम असो-नसो, सारखे पैसे ही कल्पना इथल्या हवामानाला मानवणारी नव्हती. ते कलम आपल्या नियमावलीत घ्यायचं की नाही यावर मतभेद झाले. शाल-श्रीफळावर मात्र एकमत होतं.

सोहळ्याची तारीखही ठरेना. हंगामात ठेवावा, तर बाईचा खाडा पडणार आणि तो उचलीत धरला जाणार. म्हणून बैठक तहकूब केली. पुढची बैठक हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडल्यावर. तोवर टोळ्या आपापल्या गावी गेलेल्या असतील.