रुपयाला किती हॉर्सपॉवर?

आमच्या सोसायटीत एक अबार्थवाला राहतो. त्याचं खरं आडनाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीला ठाऊक. गाडी दिसायला साधी पुंटो, मंडईत जाऊन यायच्या जातीची. पण तिच्यावर विंचवाचा बिल्ला आहे. तो तुमच्या नजरेला पडला नाही, तर हा खिशातून रुमाल काढून बिल्ला पुसायला लागतो.

"१४५ हॉर्सपॉवर! आणि आपल्या रांजणगावची!" २०१५ साली ती ९ लाख ९५ हजारांना मिळायची, हे तो आजोबा सोन्याचा जुना भाव सांगतात त्या सुरात सांगतो.

त्याचं वैर सरकारशी. गाडी चार मीटरांच्या आत, पण इंजिन १,३६८ सीसीचं. छोट्या पेट्रोल गाडीची करसवलत १,२०० सीसीला संपते. "१६८ सीसींनी घात केला हो!" यात मात्र तथ्य आहे. आपल्याकडे हॉट हॅच रुजली नाही ती बरीचशी या हिशेबामुळेच. २०१६ची पोलो जीटीआय आठवा: १९२ हॉर्सपॉवर, दोनच दारं, किंमत २६ लाखांच्या घरात. पुढच्याच वर्षी त्याहून स्वस्तात २३० हॉर्सपॉवरची ऑक्टाव्हिया आरएस आली, चार दारं आणि ऐसपैस डिकी घेऊन. हे काढलं की तो म्हणतो, "वजन बघा तिचं!" सासूबाईंना जीटीआयच्या मागच्या सीटवर कसं चढवायचं, यावर तो बोलत नाही.

बी विंगमध्ये बीएमडब्ल्यू एम३४०आय आली, तेव्हा त्याने कॅल्क्युलेटर काढला. ६३ लाखांत ३८७, म्हणजे हॉर्सपॉवरमागे सोळा हजार. टियागो जेटीपी? ६ लाख ३९ हजारांत ११४. साडेपाच हजार फक्त! बीएमडब्ल्यूवाले शांतपणे म्हणाले, "शून्य ते शंभर, ४.४ सेकंद."

"माझी ८.८," हा म्हणाला. "पण तुम्ही वाचवलेल्या चार सेकंदांचं करणार काय? एक्स्प्रेसवेवर शंभरचीच मर्यादा!"

बिनतोड मुद्दा. बीएमडब्ल्यूवाले गप्प झाले. तेवढ्यात भाजीच्या पिशव्या घेऊन वहिनी आल्या.

"शंभरला तर बाबांची वॅगनआरही जाते," त्या म्हणाल्या, "आणि तिचा एसी लागतो."

त्याने बॉनेट उघडलं आणि आत तोंड घातलं.