टिकाऊ अण्णा

दुकानाची पायरी चढणाऱ्या मनुष्यमात्राचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : पहिल्या वर्गातील मनुष्य वस्तू हाती घेण्यापूर्वीच तिची किंमत विचारतो, आणि दुसऱ्या वर्गातील मनुष्य किंमत विचारण्यापूर्वी ती वस्तू उलटी करून तिचा तळ पाहतो. मी जन्माने, वृत्तीने आणि निवृत्तिवेतनाच्या आकड्याने पहिल्या वर्गातला. आणि बेळगावातील आमच्या वडगावात, माझ्या घरासमोरच, मागांच्या अखंड खटखटाटात सत्तर पावसाळे काढलेले अण्णा हे दुसऱ्या वर्गाचे वंशपरंपरागत वतनदार. त्यांचे खरे नाव रेशनकार्डावर असेल तेवढेच. गल्ली त्यांना ‘टिकाऊ अण्णा’ म्हणते, आणि या उपाधीतील उपहास ध्यानी न घेता अण्णा तिचा सनदेसारखा स्वीकार करतात.

गेल्या मृगात मी खासबागच्या रविवारच्या बाजारातून दीडशे रुपयांची एक छत्री आणली आणि ती घरात पोचण्यापूर्वीच अण्णांनी रस्त्यात तिचा पंचनामा केला. त्यांनी काड्या मोजल्या, दांडा बोटाने वाजवून पाहिला, कापड उजेडापुढे धरले, आणि रोग्याची नाडी सोडताना वैद्याने करावी तशी मुद्रा करून ते म्हणाले, “मास्तर, हिला आषाढी एकादशी दिसत न्हाई.” पंढरीची वारी अर्ध्या वाटेवर असतानाच येळ्ळूरकडून आलेल्या एका वाऱ्याने माझ्या हातातील त्या छत्रीचे कमळ केले. समोरच्या कट्ट्यावर बसलेले अण्णा काही बोलले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते शेजाऱ्याच्या दुःखात मनुष्याला सहसा इतक्या निर्मळपणे सापडत नाही.

अण्णांचे अर्थशास्त्र एका भागाकारात सामावते : किंमत भागिले हयात. “किंमत काय विचारुलालाय, हयात विचारा की,” असे ते दुकानात गिऱ्हाइकांना परस्पर बजावतात. त्यामुळे भांडी, कुलपे आणि छत्र्या विकणाऱ्यांपैकी निम्मे त्यांना पाहताच चहा मागवतात आणि उरलेले निम्मे शटर ओढण्याच्या विचारात पडतात. या भागाकाराच्या पुष्ट्यर्थ त्यांनी लाल खारव्याच्या बांधणीची एक वही ठेवली असून तिचे नाव ‘हयातवही’ आहे. तीत वस्तू, खरेदीची मिती, मूल्य, दुरुस्तीखर्च आणि शेरा असे पाच रकाने आहेत. वडिलार्जित अडकित्ता, पितळी कुलूप, धनगराकडून विणून घेतलेले काळे घोंगडे या मंडळींच्या शेऱ्यात वर्षानुवर्षे ‘हयात’ एवढाच शब्द आहे; आणि एका प्लॅस्टिकच्या बादलीपुढे, जी वहिनींनी अण्णांच्या गैरहजेरीत दारावरच्या फेरीवाल्याकडून घेतली होती, तांबड्या शाईने ‘चौदा महिन्यांत कान तुटून मयत’ अशी नोंद आहे. दिवाणी न्यायालयात दाखल झाली असती तर या वहीने पुष्कळ दाव्यांचा निकाल लावला असता.

तथापि अण्णांच्या तत्त्वज्ञानाचा कळस म्हणजे त्यांची कापशी घडणीची कोल्हापुरी वहाण. ती आणावयास ते पाऊणशे किलोमीटरचा प्रवास करून निपाणीस जातात आणि जाण्यायेण्याचे भाडेही निष्ठेने मूल्याच्या रकान्यात धरतात. बाभळीची साल आणि हिरडा यांत मुरवून कमावलेले चामडे, तळाला म्हशीचे कातडे, खिळ्याचा स्पर्श नाही, शिवण चामड्याच्याच वादीची : ही सारी कलमे ते कारागिराकडून शपथेवर वदवून घेतात, आणि नवी वहाण पहिले आठ दिवस पायाला चावते, हा तिच्या कुलीनपणाचा पुरावा मानतात. आमच्या मुलखाचा सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून प्रलंबित आहे. परंतु कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे चार-चार जिल्हे एका कागदावर मुकाट्याने शेजारी बसले. यावर अण्णांचा अभिप्राय असा : “भांडण माणसांचं हाय, मास्तर. म्हशीचं कातडं दोन्हीकडं एकच.” पुढे जून २०२५ मध्ये इटलीतील प्राडा या पेढीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच घडणीची पादत्राणे मिरवली, आरंभी त्यांचे कूळ सांगितले नाही आणि गहजब झाल्यावर भारतीय कारागिरीचे ऋण कबूल केले; त्यांची किंमत लाखाच्या घरात असल्याचे वर्तमानपत्रांत वाचल्या दिवशी अण्णा सायंकाळी वहाणा घालून गल्लीतून तीन वेळा विनाकारण फिरले.

या गौरवगाथेची दुसरी बाजू वहिनींना विचारावी. त्यांच्या स्वयंपाकघरात पितळेची एक हंडी आहे. ती चुलीवरून उतरवावयास दोन माणसे आणि घासावयास एक पुण्यतिथी लागते. पितळेची कल्हई उडाली की आमसुलाची आमटी कळकते, म्हणून वर्षाकाठी कल्हईवाल्याची वाट पाहणे आले. आणि तो आला की भात्यापाशी पाट मांडून अण्णा मुकादमासारखे बसतात. भांडे तापते, त्यावर नवसागराची पूड पडते, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी आत टेकताच वितळून चकाकते, कापसाच्या बोळ्याचा एक फेरा फिरतो आणि काळवंडलेली हंडी चांदीची होऊन बाहेर येते. अण्णांना हा सोहळा एखाद्या उपनयनाइतका पवित्र वाटतो. “चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला, भावजी,” असे वहिनी मला दाराआडून सांगतात, आणि रोजचा स्वयंपाक निमूटपणे स्टीलच्या पातेल्यात करतात; हंडी मात्र सणावारी आणि कल्हईच्या आदल्या दिवशी खाली उतरते. या विसंगतीवर मी एकदा बोट ठेवले असता अण्णा बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “वस्तू मरत न्हाई, मास्तर. तिला दुरुस्त करणारा मरतो.” मोठ्या किमतीचा त्यांचा हट्ट कशासाठी होता, हे मला त्या क्षणी प्रथमच उमगले : जी वस्तू मोडल्यावर कोणाच्या तरी हाती सोपवता येते, तीच त्यांच्या लेखी विकत घेण्याजोगी होती.

परंतु नियतीला भागाकार येत नाही. वहाणेला पावसाचे पाणी वर्ज्य असल्यामुळे बेळगावच्या पावसाळ्यात ती फडक्यात गुंडाळून कोनाड्यात विश्रांती घेते, आणि अण्णा एरवी ज्यांचा उच्चारही करीत नाहीत अशा ऐंशी रुपयांच्या रबरी सपाता पायात सरकवतात. एका अडचणीच्या दिवशी तात्पुरत्या म्हणून घेतलेल्या या सपाता आज नऊ वर्षे झाली तरी झिजावयास तयार नाहीत. त्यांची नोंद वहीत नाही. कारण ती केली तर सिद्धान्ताचा पाया ढासळतो. मंगाईच्या यात्रेत, कोणी नेल्या तर सुटलो, अशा उदात्त हेतूने अण्णांनी त्या दोन वर्षे देवळाबाहेर मुद्दाम मोकळ्या सोडल्या आणि दोन्ही वर्षी त्या जागच्या जागी परत मिळाल्या. तिसऱ्या वर्षी पावसाने उघडीप दिली, म्हणून अण्णा कापशी वहाण घालून दर्शनास गेले आणि अनवाणी परतले.

सांत्वनास मी गेलो तेव्हा ते वही उघडून विचारात बसले होते. ‘मयत’ लिहावे तर ते असत्य, ‘हयात’ लिहावे तर वस्तू घरात नाही. शेवटी त्यांनी सरकारी दप्तरात शोभेल असा ‘फरारी’ हा शब्द पत्करला. “गेली ती गेली,” ते म्हणाले, “खरं टिकली असणार बघा. कुणाच्या का पायात असंना.” चोराच्या पायाचीही हमी घेणारा असा ग्राहक कोणत्याही पेढीला भूषणभूत ठरावा.

त्याच वेळी वहीचे शेवटचे पान माझ्या दृष्टीस पडले. तेथे ‘येणे’ या सदराखाली तीन छत्र्यांची रक्कम मांडली होती. नावे आमच्याच गल्लीत रोजावर माग चालवणाऱ्या तिघांची. दरवर्षी दीडशेची छत्री घेणारा गरीब मनुष्य पाच वर्षांत चांगल्या छत्रीहून अधिक पैसे घालवतो, पण चांगल्या छत्रीचे पैसे त्याच्या हाती एका वेळी कधी येत नाहीत. अण्णांच्या भागाकारातील ही त्रुटी मी वर्षानुवर्षे मनात जपून ठेवली होती, आणि ती त्यांनी मला न विचारता परस्पर भरून काढली होती. रकमेपुढे तारीख होती, फेडीची मुदत नव्हती. ती का नाही, असे मी विचारले.

“माल टिकाऊ दिलाय, मास्तर,” वही मिटत अण्णा म्हणाले, “मग बाकी पण टिकाऊच नको?”

हल्ली पावसाळ्यात संध्याकाळी माग बंद झाले की आमच्या गल्लीतून एका घडणीच्या तीन काळ्या छत्र्या ओळीने जाताना दिसतात. त्यांच्यामागून कधीमधी चौथी येते. वाऱ्याने जी उलटी होते ती माझी.